लाल बेचाळीस

मालवणच्या वाटेवरचा क्लेमेंटिनाच्या दारातला रस्ता पाइपलाइनीसाठी दोन वर्षांत पाच वेळा खणून झाला, तरी नळाला थेंब नव्हता. आता रुंदीकरण निघालं. जे काढायचं, त्यावर लाल रंगाने नंबर पडू लागला.

तिच्या फणसावर एक्केचाळीस पडला. "मेल्यांनू, माझ्या सासऱ्यान लायलेलो फणस आसा तो!" म्हणत तिने रॉकेलाच्या चिंधीने नंबर पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी फणस उभाच होता. एक्केचाळीस मात्र तिच्या कुत्र्याच्या पाठीवर होता. कामगारांनी मस्करी केली असेल, म्हणून तिने चार शिव्या हासडल्या आणि कामाला लागली. दुपारी दारातला पाइपलाइनीचा उघडा चर अचानक बुजवलेला दिसला. कुत्रा काही परत दिसला नाही.

सोमवारी नवा चर पडला. अंगणातल्या खुरसावर, दगडी क्रुसावर, बेचाळीस होता. तिने हात जोडले आणि तो पुसला.

मंगळवारी सकाळी तिचा नवरा पेद्रू पायरीवर चहाची वाट बघत बसला होता. त्याच्या मानेवर, केसांच्या खाली, बेचाळीस होता. रंग अजून ओला होता.

तिने चिंधी रॉकेलात बुडवली, त्याच्या मानेपर्यंत नेली आणि थांबली. इथून पुसला, तर उद्या तो कुठे जाईल? लेक वेनेसा लग्न होऊन गेल्यापासून घरात दोघंच होती.

"रॉकेलाचो वास खंयसून येता गो?" पेद्रूने विचारलं.

"काय नाय. चाय पी," ती म्हणाली.

कप त्याच्या हातात देऊन ती आत गेली आणि तिने दाराला आतून कडी घातली.