भिंगऱ्याची माळ

ठकुबाई कुंभारणीने मातीचे पाच डोळे सुपात मांडले. भुशाच्या धुरात भाजून ते काळेभोर निघाले होते आणि प्रत्येकाच्या मधोमध चुन्याचा पांढरा ठिपका होता. शर्यतीच्या बैलाला दृष्ट लागू नये म्हणून ती असल्या डोळ्यांची माळ करून देई.

समोर मानसिंग ऐटीत मांडी घालून बसला होता. परवा भोरला शर्यत होती. जिंकणाऱ्याला संस्थानचा मामलेदार आपल्या हाताने फेटा बांधणार होता आणि त्या फेट्यापायी ह्या गड्याला आठ दिवस अन्न गोड लागत नव्हतं. पळणार बैल, फेटा ह्याच्या डोक्याला.

अंगणाच्या कडेला त्याची बायको सगुणाबाई भिंगऱ्याचा कासरा धरून उभी होती. मानेचं माप द्यायला बैल तिनेच आणला होता. मानसिंगाला तो जवळ फिरकू देत नसे. एवढ्या उन्हात तिने पदर गळ्याभोवती घट्ट आवळून घेतला होता.

"नुसती माती नको," मानसिंगाने कनवटीची पुरचुंडी सोडली. "मधी मधी हे घाल. अस्सल हायती."

सुपात पोवळी सांडली, चार अकीकही. ठकुबाईने ती लगेच ओळखली. सगुणेच्या आईने लग्नात लेकीच्या गळ्यात घातलेली माळ होती ती.

"पाटील, बायकूची माळ बैलाला?" मानसिंग पाटील नव्हता, पण कुणी म्हटलं की फुगायचा.

"घरात पडून व्हती."

"पडून कशी? काल पाणवठ्यावर हिच्या गळ्यात बघितली म्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार!"

"तू माळ वव. नसती पंचाईत नको."

ठकुबाई ओवू लागली. एक डोळा, तीन पोवळी, एक अकीक, परत डोळा. असल्या माणसासाठी हात चालवायची तिला शिसारी आली. चौथ्या डोळ्यापाशी ती थांबली. चिमटीत आला तो मणी काळा होता, बारीक काचेचा. सुपात चाचपलं तर आणखी चार निघाले.

तिने वर पाहिलं. "सगुणे, पदर सोड."

सगुणेने पदर सैल केला. गळा रिकामा होता आणि मानेवर दोऱ्याचा लाल वळ उठला होता.

"पाटील, डोरलं तोडलंत व्हय तिचं?" डोरलं तुटलं तरी 'वाढलं' म्हणायची रीत ठकुबाई मुद्दाम विसरली.

मानसिंगाचं तोंड उतरलं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायकोने गळ्यात घातलेले काळे मणी त्याने स्वतःच्या हाताने तोडले होते. "माळ वढली तवा त्यातच गुतलं आसंल," तो चाचरला. मग बायकोवर खेकसला, "तू बोलली का न्हाईस?"

"मूठ वळून तुमी भाईर पडला. मागं कुठं बघितलं?"

"काढ ते मणी! आत्ताच्या आत्ता हिच्या गळ्यात बांध!" त्याने ठकुबाईपुढे हात जोडले. पोवळी ओढताना हेच हात अडखळले नव्हते. स्वतःच्या जिवावर आल्यावर बरे जुळले. ठकुबाईला त्याची कीवसुद्धा आली नाही.

तिने पाच मणी निवडून तळहातावर घेतले आणि सगुणेपुढे धरले. सगुणेने हात पुढे केला नाही. तिने भिंगऱ्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली, तशी बैलाने मान खाली घातली.

"ह्याच्याच माळंत ववा, मावशी," ती म्हणाली. "माझ्या हातचं खातो, त्याची जाण हाय ह्याला. आयुष्य ह्यालाच लागू द्या."