झाकणाची चीर

सकाळच्या घाईत नवरा दहा मिनिटं खाली सटकायचा, म्हणून बाई वर्षानुवर्षं करवादत आल्या होत्या. आता तो गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरात पडून होता, आणि नेमकी आताच बाईंची जुनी गाडी हवा दमट झाली की बंद पडू लागली होती.

मेकॅनिकने बॉनेट उघडलं. "ताई, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला चीर आहे. आत ओल धरते, मग ठिणगीच पडत नाही. पण चीर चांगली जुनी दिसतेय. इतकी वर्षं कुणी रोज पुसत होतं की काय?"

बॅटरीमागे एक फडकं नीट घडी करून खोचलेलं होतं. बाईंच्याच जुन्या गाऊनची बाही.

"नवीन झाकण टाकू ना?"

"टाका," बाई नाक ओढत म्हणाल्या, "पण त्या फडक्याला हात लावाल तर याद राखा!"