बाजूला काढलेलं रक्त

"ती रक्ताची पिशवी चढवा, मॅडम," सर्जन डोकं वर न करता म्हणाला.

मशीनवालीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती त्याची बायको. पण महिनाभर दोघांत धड बोलणं नव्हतं, त्यामुळे हल्ली घरीही ती मॅडमच होती. आज सकाळी भांडता भांडता त्याने बजावलं होतं, "छोटीला आज ताईकडून आणायचं म्हणजे आणायचं. भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत? म्हणून पोटची पोर दुसऱ्याच्या दारात ठेवायची?" पोरीला मावशीकडे तिनेच धाडलं होतं. आपण आई की वैरीण, या विचाराने तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

टेबलावरच्या आजोबांचं हृदय थांबवलेलं होतं आणि त्याचं काम तिचं मशीन करत होतं. मशीनच्या नळ्या आधी सलाइनने भराव्या लागतात. त्यात मिसळून रक्त पातळ होतं, शिवाय त्यातल्या तांबड्या पेशी पंपाचे रट्टे फार वेळ सोसत नाहीत, फुटतात. आजोबांची लघवी तांबूस दिसू लागली होती. तिने रक्त ओढणाऱ्या नळीचा जोर कमी केला. पुन्हा लघवीकडे पाहिलं. पुन्हा पंपाकडे.

"रक्ताचं पाणी झालंय नुसतं," सर्जन म्हणाला. "त्यांचंच चांगलं दाट रक्त सकाळी काढून ठेवलंय ना? त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"आत्ता दिलं तर तेही याच चरकात जाईल." तिचा आवाज चढला. "नकोसं झालं म्हणून नाही काढलं ते, डॉक्टर. निदान तेवढं तरी धड राहावं म्हणून काढलंय. आधी मशीन थांबू दे."

सर्जनचे हात क्षणभर थबकले, मग टाके घालू लागले.

दुपारी आजोबांचं हृदय आपलं आपण चालू लागलं. मशीन थांबलं. मग तिने पिशवी चढवली. हळूहळू त्यांच्या नखांना रंग आला.

बाहेर ती हात धूत असताना तिचा फोन वाजला. तिचे हात ओले, म्हणून शेजारच्या नळावरून हात पुसत आलेल्या नवऱ्याने तो उचलून स्पीकरवर टाकला.

"छोटीची बॅग भरलीय," ताई म्हणाली. "न्यायला कोण येतंय?"

मशीनवाली नळ बंद करायचं विसरली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"राहू द्या तिला तिथेच, ताई," तो म्हणाला. "आधी आमचं थांबू दे."