वाचता येणारं नाणं

"तुझ्या या बल्बला जीवच नाही," घड्याळजी काउंटरवर वाकून पुटपुटले. "माणसाने काय अंदाजाने नाणी घ्यायची?"

"बदलतो की," नाण्यांचा दुकानदार म्हणाला. बल्ब त्याने नुकताच बदलला होता. इतका लख्ख आणला होता, की समोरचा शिंपी तक्रार करून गेला. पण घड्याळजी हे दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सगळ्यात भांडकुदळ, म्हणून सगळ्यात लाडकं. दुकानदाराने कोपऱ्यातल्या शिडीकडे पाहिलं, मग घड्याळजींच्या बायकोकडे. ती स्टुलावर बसून पिशवीच्या बंदाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

हल्ली घड्याळजींना कशातच दम वाटत नसे. घड्याळांत राम राहिला नाही म्हणून त्यांनी दुरुस्तीचं दुकान बंद केलं. पेपरची छपाई बिघडली म्हणून पेपर वाचायचा सोडला. आता बायको मोठ्याने वाचायची, आणि शेजारणींना सांगायची की मलाच मेली तशी सवय लागलीय. नाणी तर सगळी झिजलेलीच निघत. दुकानदार अक्षर न् अक्षर ठळक असलेलं नाणं पुढे ठेवी. घड्याळजी भिंग लावत, भिंग पुसत, पुन्हा लावत आणि म्हणत, "घासलेलं आहे रे. गंडवलं तुला कुणीतरी." दुकानदार मान हलवून म्हणे, "असेल बुवा."

आज जिना चढतानाच त्यांनी जाहीर केलं होतं. काही घेण्यासारखं मिळालं तर ठीक, नाहीतर संग्रह बंद. पेटी भाच्याला देऊन मोकळं व्हायचं. पेटी घरातून गेली की हा माणूस खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चुका काढणार, आणि रस्ता संपला की बायकोच्या, हे तिला कळत होतं.

समोरचं शेवटचं नाणंही घासलेलं ठरलं, आणि घड्याळजींनी भिंगाची डबी बायकोच्या पिशवीत टाकली. मग दुकानदाराने खालच्या खणातून एक मखमलीची घडी काढली आणि उलगडली. आत चांदीचे वेडेवाकडे तुकडे होते. एकाचा आकार दुसऱ्याला नाही.

"ही कात्रणं कसली?" घड्याळजी म्हणाले.

"आहत नाणी. भारतातली अगदी सुरुवातीची. चांदीची पट्टी कापायची, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा आणि मग एकेक ठसा वेगळा ठोकायचा."

"मला शिकवतोस? जन्मभर नको म्हणत आलोय यांना." आणि ते खरंच होतं. त्यांचा नियम होता, वाचता येईल तेच नाणं घ्यायचं. राजाचं नाव हवं, निदान दोन अक्षरं हवीत. या तुकड्यांवर नुसती चित्रं. "मुकी नाणी माझ्या पेटीत नाहीत, शेठ."

हे म्हणताना त्यांनी एक तुकडा उचलला आणि खाली ठेवायला विसरले. खिडकीकडे तोंड करून ते भाच्यावर घसरले. भाचा ऐतखाऊ आहे, नाण्याला चिकटपट्टी लावेल, काही सांगता येत नाही. इकडे त्यांचा अंगठा तुकड्यावरून फिरत होता. आयुष्यभर घड्याळांना किल्ली दिलेला अंगठा. बोलता बोलता तो थांबला.

"सूर्य," घड्याळजी म्हणाले.

भाचा मागे पडला.

"हा डोंगर. तीन कमानी आणि वर चंद्रकोर. आणि हे जनावर... थांब. वशिंड लागतंय. बैल."

दुकानदाराने मान वाकडी करून तुकड्यावर डोळे रोखले. "बैलच की. ठसा अर्धा कडेबाहेर गेलाय, मला इतके दिवस हत्ती वाटत होता."

"हत्ती!" घड्याळजी खुशीत आले. "दुकान कसं चालवतोस रे?"

ते खिडकीकडेच बघत होते. भिंग त्यांच्या डबीत होतं आणि डबी बायकोच्या पिशवीत. बायकोने बंदाची गाठ अर्धीच ठेवली. दुकानदार तिच्याकडे बघत होता, आणि तिने बघितल्यावर तो मखमलीच्या सुरकुत्या सारख्या करू लागला.

घड्याळजींचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी तुकडा खाली ठेवला. "नकोच. नियम म्हणजे नियम. चल गं."

पण उठले नाहीत.

"विचार करा," दुकानदार जपून म्हणाला. "घाई नाही. तोवर मी बल्बचं बघतो." त्याने शिडी ओढली.

आता बायको तिचं ठरलेलं वाक्य बोलणार होती. लग्नापासून प्रत्येक नाण्याला ती तेच म्हणत आली होती, "आणि हे ठेवायचं कुठे?" घड्याळजी तर त्यासाठी थांबलेच होते. ते ऐकलं असतं, तर निमूट घरी जाता आलं असतं.

ती उठली. तुकडा उचलून तिने त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटली.

"घ्या हे," ती म्हणाली. "नियमात बसतंय. आत्ताच वाचलंत ना तुम्ही."

समोरच्या शिंप्याचं मशीन खडखडून थांबलं. घड्याळजींची मूठ मिटलेलीच होती. आत अंगठा चाललेला बायकोला दिसत होता.

"आणि ठेवायचं कुठे?" त्यांनी विचारलं.

"हाताशी," ती म्हणाली.

ते हसले. दुसरा हात पुढे करून त्यांनी मखमल चाचपली आणि सगळे तुकडे घडीसकट आपल्याकडे ओढले. मग शिडीच्या आवाजाच्या दिशेने तोंड वर केलं.

"उतर खाली, शेठ. बल्ब चांगला आहे तुझा. मलाच दिसेनासं झालंय."