रोज एक पेढा

काशीरामने पेढ्याचे चार तुकडे केले, पहिला तोंडात टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. दुसऱ्या तुकड्याला अजून पाच मिनिटं होती. त्याची बायको गोदूबाई समोर बसून पहारा देत होती.

"चावू नका. इरघळू द्या."

"दगड पण इरघळला असता गो एवढ्यात."

चौथा तुकडा संपला तसा तिने पुडा बांधला, फडताळात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"उरलेले वाटून टाकते," ती म्हणाली.

तीन महिन्यांपूर्वी हा माणूस पेढे तुकड्यांत नाही, पुड्यांत मोजायचा. पुतण्याच्या बारशाचे पेढे त्याने पाहुणे पोचायच्या आधी संपवले होते. ईदला महाडला, कंपनीतल्या मुरादच्या घरी, शीरखुर्म्याच्या सहा वाट्या झाल्यावर मुरादच्या आईने पातेल्यावर झाकण ठेवलं, तर हा झाकणाकडे बघत राहिला. खाऊन झालं की मोरीत जाऊन रडायचा. रडून झालं की तोंड धुऊन, डब्यात काही उरलंय का ते बघायचा.

मग एक दिवस उपाशीपोटी डबाभर लाडू खाऊन तो बिरवाडीच्या कंपनीत मशिनीपाशीच आडवा झाला. महाडच्या डॉक्टरांनी विचारलं, "वडिलांना साखर होती?"

"होती. पाय कापला. पण तेवढ्यानं भागलं नाय."

पाय कापल्यावर वर्षभर बापाची एकच चप्पल पोलादपूरच्या घराच्या दाराशी असायची. काशीराम ती ओलांडून शाळेत जायचा.

डॉक्टर म्हणाले, दर महिन्याला सकाळची पहिली लघवी तपासायला आणा. काशीरामची पाळी सातची, दवाखाना उघडतो दहाला. म्हणून तो पहाटे बाटली भरून ठेवायचा आणि गोदूबाई ती पिशवीत घालून एसटीने महाडला न्यायची. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांच्या नळीत विटेचा रंग उतरला, म्हणजे साखर भरपूर. गोदूबाई गोळ्या घेऊन आली. दोन वेळा ती स्वतःच्या हाताने त्याला पिवळी गोळी द्यायची. पाकिटाला त्याला हात लावू देत नसे. पेढ्यांचा अनुभव गाठीशी होता.

काशीराम सुधारायला लागला. हलवायाचं दुकान आलं की तो रस्ता ओलांडायचा, आणि पलीकडे दुसरा हलवाई असल्यामुळे परत ओलांडायचा. पण रोज एकच पेढा, चार तुकडे, वीस मिनिटं.

दुसऱ्या महिन्यातही वीट.

"बाहेर खाताय तुमी," गोदूबाई म्हणाली.

"नाय गो. तुझी शप्पथ."

"माझी कशाला? डॉक्टर म्हनले, पेशंट खोटं बोलतोय."

तो आणखी कडक झाला. चहा बिनसाखरेचा, भाजी कारल्याची. मुरादच्या भावाला, उबेदला, कुवेतचा व्हिसा लागला तेव्हा मुरादने कॅन्टीनमध्ये बर्फीचा डबाच त्याच्यापुढे ठेवला.

"घे काशीरामभाऊ. डबा आपन नवीन घेऊ, ह्याची आशा सोडलीच हाय मी."

काशीरामने एक वडी उचलली, अर्धी मोडली, अर्धी परत ठेवली आणि झाकण लावलं. मुरादने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

घरी येऊन त्याने हे गोदूबाईला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं, तांब्याभर पाणी प्यायलं, परत तांब्या भरला. ती वाळली होती. चोळी खांद्यावरून घसरायची. "तुमच्या काळजीनं," ती म्हणायची. टाचेत बोराटीचा काटा गेलेला, महिना झाला तरी फडकं सुटत नव्हतं. "हळद लाव," काशीराम म्हणाला, आणि बर्फीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला बसला.

तिसऱ्या महिन्यातही वीट. आता इंजेक्शन, जन्मभर, असा निरोप आला.

काशीराम त्या दिवशी जेवला नाही. आरोपाला साक्षीदार नव्हते आणि निर्दोषपणाला तर नव्हतेच. उजवा पाय चटईवर पसरून तो त्याच्याकडे निरोप घेतल्यासारखा बघत बसला. दुसऱ्या दिवशी कंपनीला दांडी मारून, बायकोला न सांगता, तो पहिल्या एसटीने महाडला गेला.

"मी खात नाय साहेब," तो डॉक्टरांना म्हणाला. "तुमी काय पन करा, पन माझ्यावर इश्वास ठेवा."

डॉक्टरांनी रिकामी बाटली पुढे केली. "इथेच भरा."

नळी तापवली. निळी होती, निळीच राहिली. डॉक्टरांनी परत केली. परत निळी. मग रक्त काढलं. दुपारी तेही चोख आलं.

"साखरेचा मागमूस नाही तुमच्यात."

"त्या पिवळ्या गोळ्यांनी उतरली आसंल."

"मी पांढऱ्या देतो," डॉक्टर म्हणाले.

काशीरामने फार चौकशी केली नाही. एवढा मोठा दवाखाना, कुणाची बाटली कुणाला लागली असेल. त्याचे दोन्ही पाय त्याचेच होते. एसटी स्टँडवर त्याने गोदूबाईसाठी पाव किलो पेढे घेतले, आणि पोलादपूर येईपर्यंत पुडा मांडीवर तसाच बांधलेला राहिला.

तिला चकित करावं म्हणून तो मागच्या दाराने आत आला.

गोदूबाई उघड्या फडताळासमोर जमिनीवर बसली होती. पेढ्यांचा पुडा मांडीवर रिकामा पडला होता, दोन्ही गाल भरलेले होते. शेजारी पाण्याचा तांब्या आणि पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट. तिने काही लपवलं नाही. घास गिळला, पदराने तोंड पुसलं.

"बाटल्या माझ्या व्हत्या, पिवळ्या गोळ्या नुसत्या ताकदीच्या," ती म्हणाली. "तुमच्या नावावर गोळ्या तरी मिळाल्या. माझ्या नावावर कोन आननार व्हतं?"