सुनावणीला हजर

मनुष्यबळ विभागाच्या खोतांनी स्वतःहून खुर्ची पुढे केली, तेव्हाच मृदुलाच्या मनात पाल चुकचुकली.

"मॅडम, नोटीस महिन्यापूर्वीच दिली. सुनावणीही झाली. आज तुमचा शेवटचा दिवस."

"मला कुणी बोलावलंच नाही!"

"तुमची डिजिटल प्रतिकृती हजर होती. कायद्याने ती म्हणजे तुम्हीच."

हा नक्की बनाव असणार. तिने चित्रफीत मागितली. अकरा वर्षांच्या तिच्या मेलांवरून कंपनीने घडवलेली मृदुला पडद्यावर बसली होती.

"कामावरून कमी करतोय. काही म्हणायचंय?" चित्रफितीतल्या खोतांनी तिला विचारलं.

प्रतिकृती कसनुसं हसली. "चालेल, सर. जाण्याआधी नव्या माणसाला काम शिकवू ना?"

"काही फेरफार वाटतोय का, मॅडम?" खोतांनी विचारलं.

मृदुलाने चित्रफीत तीनदा पाहिली. फेरफार कुठेच नव्हता.