पाच नंबर

नव्या शहरात येऊन सहा महिने झाले होते. हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत आईची दुपारपाळी लागली आणि अकरा वर्षांची लेक शाळेतून आल्यावर घरात एकटी पडेल, याची आईला काळजी लागली. लेकीशी बोलता यावं म्हणून परवडेलसं काहीतरी घ्यायला दोघी मोबाइलच्या दुकानात गेल्या.

टॅबलेट आवाक्याबाहेरचा होता, फोन करता येणारं घड्याळ फारच नाजूक. शेवटी दुकानातल्या बाईंनी बटणांचा साधा फोन पुढे केला. "यात इंटरनेट नाही, गेम नाहीत. पाच नंबर भरायचे, तेवढ्यांनाच फोन लागतो. या वयाला हाच बरा."

पहिला नंबर आईचा भरला. पुढे कुणाचा सांगायचा, ते आईला सुचेना. "बाकीचे राहू द्या रिकामे," ती ओशाळून म्हणाली.

"रिकामे कशाला?" लेकीने दप्तरातून वही काढली आणि धडाधड वाचून दाखवलं. बाकावरची मैत्रीण, शाळेच्या बसमधल्या मावशी, वाचनालयातल्या ताई, वरच्या मजल्यावरच्या आजी. "अजून दोघं होते, पण जागाच संपली."

आईने वही हातात घेऊन ते नंबर पुन्हा वाचले.

दोघी बाहेर पडून घराकडे निघाल्या. वाटेत आई म्हणाली, "त्या वरच्या आजींचा नंबर मलाही दे ना."

"का गं? त्यांच्याकडे काही काम आहे?"

"काम नाही," आई म्हणाली. "काम नसलं तर फोन करत नाहीत का गं?"